बॅटरीची वाकळ

माझ्या स्वयंपाकघरात एक उलथनं आहे, त्याला एकवीस भोकं आहेत. पाहुणे विचारतात, हा कसला झारा? झारा नाही. भाकरीचंच उलथनं. आमच्या भाडेकरूनं ते ड्रिल मशीनखाली धरून भोसकलं, तेही माझी बायको नळावर पाण्याला गेली होती तेवढ्यात. ती परत आली तर हा उलथनं वजनकाट्यावर ठेवून आकडा वाचत बसलेला.

"वैनी, ह्यात सतरा ग्रॅम फुकट हिंडत व्हते."

"अवो भावजी, मी त्यानं भाकरी उलथते. शर्यतीला न्हेत न्हाय."

"हाताला वजन कमी लागंल. दिसाला वीस भाकरी धरा..."

"तुमालाच धरते आता," ती म्हणाली, आणि हसायला लागली. मी असतो तर त्याच दिवशी त्याची पेटी रस्त्यावर ठेवली असती. पण ती हसली की माझ्या हातात काही राहायचं नाही.

त्याचं नाव मी लिहीत नाही. गाडीवर तो नाव रंगवू देत नव्हता, रंगाला वजन असतं म्हणून. मग माझ्या कागदावर तरी कशाला?

आमचं गाव कळंब. साखर कारखान्यात बॉयलरवर वेल्डर म्हणून पस्तीस वर्षं काढली, आणि सुटल्यावर इंदापुरात घर बांधलं. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याची एक. ती मागची त्याला दिली. लोणी देवकरला एका कंपनीत माल उचलायच्या बॅटरीवरच्या गाड्या आहेत, त्यांच्या बॅटऱ्या सांभाळायचं काम त्याच्याकडं होतं. पन्नाशीचा, बिनलग्नाचा, काडीसारखा. आला तो एक लोखंडी पेटी आणि एक मोटारसायकल घेऊन. मोटारसायकलला इंजिनच नव्हतं.

मी म्हणालो, "भंगार ठिवायला खोली न्हाय दिली."

"तात्या, ही आख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात जोरात पळणार हाय. फकस्त अकरा सेकंद."

"आन मग?"

"मग थांबणार."

असली शर्यत मी कधी ऐकली नव्हती. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सोडायच्या. चारशे मीटर सरळ, वळण नाही काही नाही. आपण शिंकून रुमाल खिशात घालेपर्यंत सगळं संपतं. त्याची गाडी विजेवरची, आणि दरसाल ती बारा सेकंद आणि वर कायतरी घ्यायची. त्याला अकराचा आकडा बघायचा होता. तेवढ्यासाठी त्यानं सणवार सोडला, भावकी सोडली. घरातलं बोलणं पण त्याच मापात आलं. त्यानं चहा झाला का विचारलं तर ही म्हणायची, "थांबा, तुमचं अकरा सेकंद."

गाडीपेक्षा बॅटरीवर त्याचा जीव. ट्रॅक्टरला असते तसली पाण्याची बॅटरी नव्हे. चपटे सेल, चंदेरी कागदातल्या वडीसारखे, एकावर एक रचलेले, प्रत्येकावर पेननं नंबर. सगळे एका तोलाचे लागतात. एक जरी मवाळ निघाला तर बाकीचे कितीही दमदार असू देत, गाडी त्या एकापाशी अडते. "रिकामं असल्यावर समदेच सेल चांगलं दिसत्यात, तात्या. लोड टाकला की कळतंय कोण बसतंय."

माणसांनाही तो हेच माप लावायचा. गल्लीतला एक जण प्रत्येक मीटिंगला मोठमोठ्यानं बोलायचा आणि कामाच्या दिवशी गावाला जायचा. त्याच्याबद्दल म्हणाला, "लोड आला की ह्यो बसतो." मी विचारलं, माझं काय? माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी वेल्डिंग हाय. तुटणार न्हाय, पण वाकणार बी न्हाय." हिनं ते गल्लीभर सांगितलं.

त्याच्या खोलीचा एक नियम होता. दाराबाहेर एक लाकडी खुंटी. अंगावर धातूचं जे असेल ते खुंटीला टांगायचं, मगच आत. अंगठी, किल्ल्या, घड्याळ, काही असो. उघड्या बॅटरीच्या दोन टोकांवर धातू टेकला तर काय होतं हे वेल्डरला सांगावं लागत नाही. पण माझं घड्याळ कारखान्यातनं निरोपाच्या दिवशी मिळालेलं, स्टीलच्या पट्ट्याचं. माझ्या घरात, माझ्याच खोलीत शिरताना मी ते उतरवू? नाही उतरवलं. त्यामुळं इतक्या वर्षांत मी त्या खोलीत पाय टाकला नाही. जे बोलायचं ते उंबऱ्यावरनं.

ही मात्र पहिल्याच दिवशी मंगळसूत्र काढून खुंटीला अडकवून आत गेली. मी अंगणातनं ओरडलो, "अगं, नवरा जित्ता हाय अजून!"

आतनं आवाज आला, "म्हणूनशान तर टांगलाय. जातोय कुठं!"

तो हसला नाही. तो हसतच नसे. एवढंच विचारलं, "वैनी, बांगड्या?"

"काचंच्या हायेत."

"मग या."

आता वाकळीचं सांगतो. ह्या बॅटरीला थंडी चालत नाही. गार असली की करंट द्यायला कुरकुर करते. बेतानं ऊन असली की भडाभडा देते. आणि फार तापली की फुगून मरते. पहिल्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला त्यानं काही सेल ऊन व्हावेत म्हणून पत्र्यावर मांडले, कुरडया वाळत घालाव्यात तसे, आणि सावलीला टेकला तर डोळा लागला. उठून बघतो तर चार सेल पुरीसारखे टम्म. ते चार पुढ्यात घेऊन दोन दिवस बसून होता, जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ही ताट घेऊन गेली.

"भावजी, लेकराला कुणी पत्र्यावर न्हाऊ घालतं का?"

"लेकराचा काय संबंध?"

"ऊन किती पायजे तुमच्या बॅटरीला, ते सांगा."

त्यानं आकडा सांगितला. चाळीस. हिला आकड्यातलं काही कळत नव्हतं. तिनं घंगाळात कढत पाणी काढलं, गार मिसळलं, कोपर बुडवला आणि म्हणाली, "तान्ह्या लेकराला एवढं लागतं. बघा जमतंय का." त्यानं आपलं मोजायचं यंत्र धरलं. चाळीस. त्यानं ते पाणी ओतून दिलं. म्हणाला, "परत." परत चाळीस. तिसऱ्या वेळी यंत्र लावायच्या आधी तीच म्हणाली, "हे इवलंसं कमी झालं." यंत्र एकोणचाळीस म्हणालं. आमची तीन लेकरं, जावांची दोन, शेजारणींच्या तर किती. सगळ्यांचं पाणी तिच्या कोपरानं बघितलेलं.

त्या दिवसापासून तो तिला जेवताना वैनी म्हणायचा आणि कामाच्या वेळी मॅडम.

मग तिनं वाकळ शिवली. दोन हात लांब, दीड हात रुंद. वर तिचं हिरवं लुगडं, आत जुन्या चादरी, कडेला माझ्या कारखान्याच्या खाकी पँटीची पट्टी. मधी दोन कप्पे, कंबर शेकायच्या रबरी पिशव्या बसतील एवढे. ह्या पिशव्यांत ऊन पाणी भरायचं, बॅटरी वाकळीत गुंडाळायची, आणि थोड्या थोड्या वेळानं ही वाकळीचं टोक उचलून कोपर आत घालायची. "आजून न्हाय. आजून जरासं. झालं, उचला."

रविवारी सकाळी ती दोघं लोणी देवकरच्या एमआयडीसीत जायचे. तिकडं पलीकडच्या अंगाला नुसते प्लॉट पाडलेत. रस्ते सरळसोट, खांब उभे, कंपन्या अजून यायच्यात. गाडी चालवायला सोनाली. डाळजची पोरगी, ऊसवाल्याच्या घरची, त्याच कंपनीत मशीनवर होती. पंचेचाळीस किलो. तो तिच्याबद्दल म्हणायचा, "हिच्यात फुकटचं कायच न्हाय." त्याच्या तोंडून ह्याच्यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलं नाही.

मी एकदाच गेलो. ही टेम्पोत मागं बसलेली, मांडीवर वाकळीतली बॅटरी, लेकरू लस टोचायला न्यावं तशी. बॅटरी बसवली, सोनाली बसली, गाडी सुटली. आवाज नाही. रबराचा वास, आणि लांब एक ठिपका. ही टाळ्या वाजवायला लागली.

तो म्हणाला, "मॅडम, टाळ्या ठिवा. आदी बॅटरी किती तापली ते बघा."

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "म्हातारपणी याड लागलंय तुला."

"लागू द्या की. तुमाला कवा कशाचं लागलं, ते तरी सांगा," ती म्हणाली.  

पुढं तिच्या काळजाचं दुखणं निघालं. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला दगदग नको. मी आडमुठा माणूस, मला एवढंच कळलं. मी तिच्या हातातला झाडू घेतला, लाटणं घेतलं, सुईदोरा घेतला. भाजी निवडायला बसली तर ताट उचलायचो. "बस गप," म्हणायचो. दिवसातनं पन्नास वेळा म्हणालो असेन. मला वाटायचं मी तिला जपतोय. ती खाटेवर बसून भिंतीकडं बघायची.

तो मात्र दर रविवारी वाकळीतली बॅटरी घेऊन खाटेपाशी यायचा. "मॅडम, बघा."

एकदा माझं डोकं फिरलं. "तिला धड बसवत न्हाय आन तुला बॅटरी सुचतीया?"

"तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "आणा भावजी हिकडं." पदर सावरला, बांगड्या मागं सारल्या, कोपर आत घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ. "आजून जरासं," म्हणाली. तो तिथंच फरशीवर मांडी घालून बसून राहिला. मी बाहेर निघून गेलो.

दसरा झाला आणि ती गेली. घरात बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाचा दिवस झाला, लेकी आणि तिच्या बहिणी निघाल्या. मी म्हणालो, "तिचं जे हाय ते घेऊन जावा. माझ्या डोळ्याम्होरं काय ठिवू नका." थोरलीनं विचारलं, "आबा, एक लुगडं तरी?" मी म्हणालो, "एक बी नको." माझा शब्द कोण मोडणार. पेटी रिकामी झाली. चार वाकळा होत्या, त्या पण गेल्या.

थंडी पडली आणि मला कळलं मी काय केलं ते. सगळं घर हुडकलं. तिच्या हातचा एक टाका मिळाला नाही. मग आठवलं, एक वाकळ उरलीय. मागच्या खोलीत.

मी उंबऱ्यावर उभा राहून म्हणालो, "ती वाकळ दे."

"धाव झाल्यावर," तो म्हणाला. शर्यत महिन्यावर आली होती.

"माझ्या बायकूनं शिवलीया ती."

"व्हय. पण बॅटरीसाठी शिवलीया. मला दिली असती तर आत्ता दिली असती, तात्या. दुसऱ्याची वस्तू मी कशी देऊ?"

असं कुणी बोलतं का? बॅटरीची वस्तू म्हणे. मी म्हणालो, "खोली खाली कर."

"करतो. धाव झाल्यावर."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. शर्यतीच्या दिवशी सकाळीच दारात आला. मागं टेम्पो चालू.

"तात्या, चला. कोपर लागंल."

मी गेलो. शर्यत बघायला नाही, वाकळ परत आणायला. वाटेत ती माझ्या मांडीवर होती, आत बॅटरी. मी बॅटरी धरली नव्हती. वाकळ धरली होती.

जिल्ह्याबाहेर एक वापरात नसलेली विमानाची पट्टी, तिथं शर्यत. माणसं, तंबू, चकचकीत गाड्या. लोकांच्या बॅटऱ्या ऊन ठेवायला विजेवर तापणाऱ्या पेट्या होत्या. आमची वाकळ बघून पोरं गोळा झाली. एक जण म्हणाला, "काका, बॅटरीला सर्दी झाली का?"

सोनाली हेल्मेट घालता घालता म्हणाली, "न्हाय, तुमच्याकडं बघून लाजतीया. पदर घेतलाय तिनं."

आमचा नंबर जवळ आला तसा तो माझ्याकडं वळला. "तात्या, कोपर."

मी बाही वर केली, वाकळीचं टोक उचललं, कोपर टेकवला. ऊन होतं. एवढंच. बेताचं ऊन का कमी ऊन का जास्त, काही कळेना. पस्तीस वर्षं बॉयलरपुढं भाजलेलं कातडं माझं. आणि खरं तर ते पण कारण नाही. मी त्याला म्हणालो, "मला न्हाय कळत. तीन लेकरं झाली, मी एकाला बी न्हाऊ घातलं न्हाय. ते पाणी किती ऊन असतंय मला ठावं न्हाय."

त्यानं खिशातनं मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. त्यावर रांगेनं आकडे. एकेका सेलचं ऊन. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. बॅटरीच्या आत त्यानं केसाएवढ्या वायरी बसवल्या होत्या आणि त्या वाकळीतनं बाहेर काढल्या होत्या.

"हे कवापासनं?"

"पत्र्यावर सेल फुगलं, त्याच म्हैन्यात बसवलं."

"मग तिला कशाला तरास दिलास? मरायला टेकल्यावर पण?"

"दोन येळा वैनी ह्या आकड्याच्या इरोधात गेल्या. हे म्हणायचं झालं, त्या म्हणायच्या आजून जरासं. मी थांबलो. दोनी खेपंला गाडी बरी पळाली." मग मोबाईल खिशात घालत म्हणाला, "आन तात्या, सेलवरचा समदा लोड काढून त्येला कपाटात ठिवला, तर तो बसल्या जागी मरतो. तुमी त्यांच्या हातातलं समदं काढून घेतलं व्हतं. आठवड्याला एकदा मी जरासा टाकत व्हतो."

त्याच्या कानाखाली द्यावी असं वाटलं. हात उचललाही गेला असता. पण कोपर वाकळीत होता.

मग मी डोळे मिटले, ती मिटायची तसे. मला बॅटरीचं काही कळलं नाही. वाकळीचे टाके कळले. एक एक टाका कोपराला लागत होता. माईकवरनं आमचा नंबर पुकारला.

"काय करायचं?" त्यानं विचारलं.

"आजून जरासं," मी म्हणालो.

माझ्या असल्या शब्दावर तो थांबला. मोबाईल झालं म्हणत होता, माईकवाला दुसऱ्यांदा ओरडत होता, सोनाली म्हणाली, "काका, नंबर जाईल आपला." तो हलला नाही. माझ्या तोंडाकडं बघत उभा. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी म्हणालो, "झालं. उचला."

शेजारच्या पट्ट्यातली गाडी पुढं गेली. आम्ही हरलो. पण फळ्यावर आमच्या गाडीपुढं आकडा लागला, त्याच्या सुरुवातीला अकरा. सोनाली तिकडच्या टोकाला गाडी थांबवून दोन्ही हात वर करून नाचत होती. तो खाली बसला आणि पायातले बूट काढायला लागला. का, ते त्यालाच ठाऊक. कोपरामुळं झालं का कशामुळं, मला माहीत नाही. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग त्यानं वाकळ उन्हात पसरली आणि त्या बारीक वायरी एकेक करून ओढून काढल्या. तिच्या टाक्यांच्या खालनं घातल्या होत्या. एक टाका तोडलेला नव्हता. घडी घालून माझ्या हातात दिली. "धाव झाली," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खोली खाली केली. मी बोललो होतो ते रागात. त्याच्याकडं रागातलं आणि शांतपणातलं बोलणं वेगळं नसतं. डाळजला सोनालीच्या वडिलांच्या मळ्यात एक खोली मिळाली होती. टेम्पो भरताना मी शेजारी उभा होतो. राहा म्हणावं असं फार वाटत होतं. तोंडातनं निघालं, "पत्र्याचं नट आवळून जा."

"आवळल्यात," तो म्हणाला. किल्ली खुंटीला अडकवली. जाड किल्ली, तिलाही तीन भोकं.

ती वाकळ मी वर्षभर पांघरायचा प्रयत्न केला. दोन हात लांब. पायावर घेतली की छाती उघडी, छातीवर घेतली की पाय. माझ्या मापाची ती नव्हतीच. खरंच ती बॅटरीला दिलेली होती.

ह्या आठवड्यात थंडी वाढली. गुरुवारी फोन लावला. तो सरळ म्हणाला, "बोला तात्या."

"वाकळ घेऊन जा. आता लागंल तुला."

त्यानं हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"मागची खोली कुणाला दिलीया?"

"न्हाय. तशीच हाय."

"मग वाकळ असू द्या तितंच. रविवारी बॅटरी घिऊन येतो. नवी बांधलीया. कोपर लागंल."

आज रविवार. पाणी चुलीवर ठेवलंय, रबरी पिशव्या धुऊन ठेवल्यात. सकाळी मागच्या खोलीपाशी गेलो, मनगटातलं घड्याळ काढलं आणि खुंटीला टांगलं. मग आत जाऊन झाडून घेतलं.